उसना रणगाडा आणि पटकथेचं भाडं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नागपुरात जनसंवाद शिकते. कामठीत पोस्टिंगवर असलेल्या एका हवालदाराच्या कुटुंबावर सहा भागांची वेब मालिका लिहिते आहे. त्यात एक अधिकारी चुकीचा वागतो. हॉलिवूडमध्ये पेंटॅगॉन पटकथा बदलून घेतं असं वाचलं. आपल्याकडे सरकार आणि सैन्य असं करतं का? मी परवानगी मागू की नको?"

मी लाइन प्रोड्युसर. दिग्दर्शकाला सकाळी सहाला जे हवं असतं ते पावणेसहाला जागेवर पोचवायचं, हा माझा धंदा, आणि तो मी सव्वीस वर्षं नागपुरातून करतो आहे. मुंबईची युनिट विदर्भात आली की महापालिका, वाहतूक शाखा, वनखातं, रेल्वे, विमानतळ, सगळीकडचे अर्ज माझ्या बॅगेत असतात. त्यामुळे उत्तरही अर्ज भरणाऱ्या माणसाचं मिळेल. सिद्धान्त तुमचे प्राध्यापक सांगतीलच.

सरकारचा प्रभाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कात्री येते. सेन्सॉर, कट, बंदी. पण कात्री येते अगदी शेवटी. खरा जोर असतो तो तुम्हाला हवी असलेली वस्तू सरकारकडे असण्यात. रणगाडा, विमान, किल्ला, रस्ता, अनुदान, कधीकाळी तर कच्ची फिल्मसुद्धा. वस्तू उसनी मागायला गेलात की भाडं पैशात कमी आणि पटकथेत जास्त द्यावं लागतं. यात कटकारस्थान शोधू नका, बहुतेक वेळा तो उघड सौदा असतो.

अमेरिकेत हा सौदा लेखी आहे. तिथल्या संरक्षण खात्यात, म्हणजेच पेंटॅगॉनमध्ये, मनोरंजन क्षेत्राशी संपर्क ठेवणारं कार्यालयच आहे. निर्मात्यानं पटकथा पाठवायची, ते वाचतात, आक्षेप कळवतात, मग करार होतो. सेटवर त्यांचा अधिकारी हजर राहतो आणि चित्रपट प्रदर्शित होण्याआधी त्यांना दाखवावा लागतो. १९२७ च्या 'विंग्ज'पासून हे चालत आलं आहे. त्या चित्रपटाला सैन्यानं माणसं आणि विमानं दिली, आणि पहिल्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मानही त्यालाच मिळाला.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण १९८६ च्या 'टॉप गन'चं. नौदलानं विमानवाहू जहाज दिलं, एफ-१४ विमानं दिली. बदल्यात नायिका बदलली. मूळ कल्पनेत ती नौदलातच नोकरीला होती. वरिष्ठ-कनिष्ठांच्या प्रेमप्रकरणांना नौदलाचे नियम आड येतात, म्हणून ती बाहेरून आलेली नागरी तज्ज्ञ झाली. प्रेक्षकाला काही खटकलं का? नाही. बदल असा बेमालूम असतो. २०२२ च्या पुढच्या भागासाठी एफ/ए-१८ विमानाच्या उड्डाणाचा दर तासाला ११,३७४ डॉलर होता आणि टॉम क्रूझला विमानाच्या नियंत्रणांना हात लावायची परवानगी नव्हती. ही रक्कम मोठी वाटते, पण असली विमानं खुल्या बाजारात भाड्यानं मिळतच नाहीत. दर ठरवणारा आणि माल पुरवणारा एकच. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

नकार मिळालेल्यांचं काय झालं तेही पाहा. 'इंडिपेंडन्स डे'ला मदत नाकारली गेली, कारण पटकथेत एरिया-५१ हा गुप्त लष्करी तळ होता आणि निर्माते तो काढायला तयार नव्हते. 'अपोकॅलिप्स नाऊ'ला पेंटॅगॉननं मदत केली नाही, तेव्हा दिग्दर्शक कपोलानं फिलिपिन्सच्या मार्कोस सरकारकडून हेलिकॉप्टरं घेतली. ती हेलिकॉप्टरं ऐन चित्रीकरणात बंडखोरांशी लढायला परत बोलावली जायची. मला या गोष्टीचं फार हसू येतं, कारण लाइन प्रोड्युसर म्हणून मी त्या सकाळची कल्पना करू शकतो. कॅमेरा लागला, धूर सोडला, आणि हेलिकॉप्टर खऱ्या युद्धावर निघून गेलं.

आता आपल्याकडे. आपल्या व्यवस्थेचा पाया इंग्रजांनी घातला आणि त्यावर वीट चढवली ती दुसऱ्या महायुद्धानं. त्या काळात कच्ची फिल्म बाहेरून यायची, जहाजांवर जागा नव्हती, म्हणून सरकारनं तिचं रेशनिंग केलं. चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली. युद्धाला पाठबळ देणाऱ्या चित्रपटाला फिल्म मिळणं सोपं होतं. कुणाला अटक करायची गरजच नव्हती, रिळं आपल्याकडे ठेवली की पुरे. १९४३ मध्ये भारत संरक्षण नियमांत ४४-अ हे कलम आलं आणि सरकारी माहितीपट दाखवणं प्रत्येक थिएटरला सक्तीचं झालं.

इंग्रज गेले, सवय राहिली. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आलं आणि खेळाआधी सरकारी समाचारचित्र पुन्हा सुरू झालं. माझ्या लहानपणी सदरच्या लिबर्टीत किंवा पंचशीलमध्ये सिनेमा पाहायला गेलो की आधी धरणाचं उद्घाटन, मग पूर, मग परेड, मग हिरो. बाबा मुद्दाम दहा मिनिटं उशिरा निघायचे. थिएटरवाल्याला मात्र ते दाखवणं टाळता येत नसे, वर त्या रिळांचं भाडंही भरावं लागे. गंमत म्हणजे त्याच फिल्म्स डिव्हिजनमधून काही अप्रतिम प्रायोगिक लघुपटही निघाले. सरकारी पैशातून निघालेलं सगळं प्रचारकी असतं असं म्हणणारा माणूस ते बघितलेला नसतो. २०२२ मध्ये ही संस्था एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली.

आणीबाणीवर मी फार लिहीत नाही, तो काळ वेगळा होता. 'किस्सा कुर्सी का' या राजकीय व्यंगपटाच्या प्रती जप्त झाल्या आणि गुडगावच्या मारुती कारखान्याच्या आवारात जाळल्या गेल्या. त्या प्रकरणात संजय गांधी आणि माहिती-प्रसारण मंत्री विद्याचरण शुक्ल यांना १९७९ मध्ये शिक्षा झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. हे शुक्ल म्हणजे नागपूर राजधानी असताना मुख्यमंत्री असलेल्या रविशंकर शुक्लांचे चिरंजीव. किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली तीही याच काळात. पण आणीबाणीची उदाहरणं देऊन लोक नेमकी दिशाभूल करून घेतात. प्रभाव म्हणजे जाळपोळ अशी समजूत होते. मग जाळपोळ दिसली नाही की प्रभाव नाही असं वाटतं.

सैन्याच्या चित्रपटांचं पाहा. चेतन आनंदनं १९६४ मध्ये 'हकीकत' केला तो चीनशी झालेल्या युद्धानंतर दोनच वर्षांनी, लडाखमध्ये, सैन्याच्या मदतीनं. १९६५ च्या युद्धानंतर लालबहादूर शास्त्रींनी मनोजकुमारला 'जय जवान जय किसान'वर चित्रपट करायला सुचवलं, त्यातून 'उपकार' आला. १९९७ चा 'बॉर्डर' सैन्याच्या आणि वायुदलाच्या मदतीशिवाय झालाच नसता. दूरदर्शनवर १९८८ मध्ये 'परमवीर चक्र', १९८९ मध्ये 'फौजी'. 'फौजी'चे दिग्दर्शक स्वतः निवृत्त कर्नल होते, आणि शाहरुख खान नावाचा पोरगा त्यातूनच घराघरात गेला. यातल्या कुणाच्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती. चेतन आनंदला लडाख हवा होता, सैन्याला आपली बाजू सांगणारा चित्रपट हवा होता. दोघांचं जमलं.

शेजारी पाकिस्तानात हे जास्त सरळ आहे. सैन्याचा जनसंपर्क विभाग, आयएसपीआर, मालिकांच्या निर्मितीतच उतरतो. १९९८ ची 'अल्फा ब्राव्हो चार्ली' तिथं तुफान लोकप्रिय होती. २०१९ मध्ये 'अहद-ए-वफा' आली. आपल्याकडे सैन्य सहसा निर्माता होत नाही. ते दाराशी उभं असतं.

दार कधी अडतं? 'रंग दे बसंती' प्रदर्शित होण्याआधी, २००६ मध्ये, संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी आणि तिन्ही दलांच्या प्रमुखांना दाखवला गेला, कारण त्यात मिग-२१ अपघातांचा आणि संरक्षण खरेदीतल्या भ्रष्टाचाराचा विषय होता. चित्रपट सुटला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे 'सैन्य काहीच चालू देत नाही' असं म्हणायची फॅशन आहे. पण जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयानं सेन्सॉर बोर्डाला आणि इतर मंत्रालयांना पत्र लिहिलं: सैन्याच्या विषयावर चित्रपट, माहितीपट किंवा वेब मालिका दाखवण्याआधी निर्मात्यानं मंत्रालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं. पत्र होतं, कायदा नव्हे. त्याच वर्षी वायुदलानं 'गुंजन सक्सेना'तल्या चित्रणाबद्दल बोर्डाकडे लेखी नाराजी कळवली. डिसेंबरात 'एके व्हर्सेस एके'मध्ये अनिल कपूरनं गणवेश चुकीचा घातला आणि तो घालून शिवराळ बोलला, म्हणून वायुदलानं आक्षेप घेतला. त्यानं माफी मागितली. आणि जानेवारी २०२२ मध्ये दिग्दर्शक ओनीरची पटकथा नाकारली गेली. त्यात एक समलिंगी सैनिक होता, आणि त्याची प्रेरणा नोकरी सोडून आलेल्या एका खऱ्या मेजरकडून आली होती. कॅमेरा लागायच्या आधीच तो चित्रपट अडला. म्हणजे कात्री चालवायला फिल्मच नव्हती.

तुमच्या मालिकेतला चुकीचा वागणारा अधिकारी याच दारात उभा आहे, हे लक्षात घ्या.

माझा एक किस्सा सांगतो. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त जवानावर अर्ध्या तासाचा लघुपट करत होतो. एका जागी शूटिंगची परवानगी हवी होती, ती जागा आणि ते कार्यालय कोणतं ते सोडा. अधिकारी अतिशय सभ्य. चहा पाजला, पटकथा पानपान वाचली. शेवटी हळूच म्हणाले, "तो रात्री घरी दारू पिऊन बायकोवर ओरडतो, हे नसलं तर बरं. बाकी काही हरकत नाही." एकच प्रसंग. आम्ही घरी आलो, दिग्दर्शक तासभर गप्प होता, मग त्यानं तो प्रसंग काढला. आणि त्यासोबत अजून दोन काढले, ज्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. "उगाच तिकडे पुन्हा कशाला जायचं?" असं त्याचं म्हणणं. मीही मान डोलावली, कारण युनिटचं हॉटेल दुसऱ्या दिवसापर्यंतच बुक होतं. लघुपट गोड झाला. त्या जवानाच्या बायकोनं तो पाहिला आणि म्हणाली, "छान आहे, पण हे आमचे नव्हेत."

तर पहिला प्रसंग सरकारनं काढला असं म्हणू, पण उरलेले दोन आम्हीच काढले. कोणत्याही नोंदीत ते सापडणार नाहीत. बोर्डाकडे कटांची यादी असते, आमच्या दोन प्रसंगांची यादी कुठेच नाही.

आता कायद्याकडे येतो, आणि इथं नागपूरकर म्हणून थोडी छाती फुगवतो. चित्रपट आधी तपासायचा आणि मगच दाखवू द्यायचा, हे राज्यघटनेत बसतं का, हा प्रश्न ख्वाजा अहमद अब्बास यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यांच्या चार शहरांवरच्या लघुपटातल्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवर बोर्डाचा आक्षेप होता. सुनावणी चालू असताना सरकारनं माघार घेतली आणि कट न करता 'यू', म्हणजे सर्वांसाठी खुलं, प्रमाणपत्र देऊ केलं, पण अब्बास तत्त्वासाठी लढत राहिले. १९७० मध्ये निकाल लागला: चित्रपटाची पूर्वतपासणी वैध आहे. लिहिणारे सरन्यायाधीश होते मोहम्मद हिदायतुल्ला. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश. बोर्डाचा पाया पक्का केला तो आपल्याच माणसानं. त्याच निकालात त्यांनी हेही बजावलं की कलात्मक मूल्याचा विचार झाला पाहिजे आणि बोर्डाविरुद्ध दाद मागायला स्वतंत्र न्यायाधिकरण हवं. ते पुढं १९८३ मध्ये आलं आणि २०२१ मध्ये बंद केलं गेलं. आता निर्मात्याला थेट हायकोर्ट गाठावं लागतं. छोट्या निर्मात्यासाठी ही फार मोठी अडचण आहे. वकिलाची फी आणि प्रदर्शनाची तारीख यांच्यामध्ये तो चिरडतो, म्हणून कट मान्य करून मोकळा होतो.

दुसरे न्यायमूर्ती म्हणजे व्हिव्हियन बोस. नागपूर हायकोर्टात असताना त्यांनी भगवतीचरण शुक्ल खटल्यात एक कसोटी घालून दिली, ती एआयआर या निकालसंग्रहाच्या १९४७ च्या नागपूर खंडात अगदी पहिल्या पानावर आहे. शब्दांचा परिणाम जोखायचा तो सारासार विचार असलेल्या, खंबीर, धैर्यवान माणसाच्या मापानं. कचखाऊ आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या मनाच्या मापानं नव्हे. चाळीस वर्षांनी दूरदर्शनवर 'तमस' लागली. फाळणीचे दंगे पाहून पुन्हा दंगे होतील म्हणून ती थांबवा अशी याचिका आली. मुंबई हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी आधी अख्खी मालिका बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. मग १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बोस यांचीच कसोटी लावून 'तमस' चालू ठेवली. सिव्हिल लाइन्सवरून हायकोर्टाच्या घुमटाजवळून जाता ना, तेव्हा आठवत जा. बोर्डाला बळ आणि बोर्डाला लगाम, दोन्ही या एका आवाराशी जोडलेल्या माणसांकडून आलं.

पण खंबीर माणसाच्या मापानं कोर्ट मोजतं, रस्ता मोजत नाही. 'छावा'चंच घ्या. जानेवारी २०२५ मध्ये ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले. निषेध झाला, राज्यातल्या एका मंत्र्यांनी जाहीर म्हटलं की इतिहासतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय चित्रपट लागू नये, आणि दिग्दर्शकानं ते दृश्य काढलं. ना बोर्डाचा आदेश, ना कोर्टाचा. चित्रपट लागला, मध्य प्रदेशानं आणि गोव्यानं करमुक्त केला. मग १७ मार्चला औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात, आपल्या महाल भागात, दंगल झाली, आणि मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की या चित्रपटानं औरंगजेबाविरुद्धचा लोकांचा राग पुन्हा पेटवला. माझी तेव्हा महालात गांधीगेटजवळ दोन दिवसांची रेकी, म्हणजे चित्रीकरणाच्या जागांची पाहणी, ठरली होती. संचारबंदीत ती गेली, हे माझं नुकसान अगदीच किरकोळ. पण एकाच चित्रपटाला सत्तेचे तीन हात लागलेले मी याआधी पाहिले नव्हते: आधी बदल, मग कौतुक, मग दोषाचा उल्लेख.

करमुक्तीवरून आठवलं. जीएसटीच्या आधी महाराष्ट्रात हिंदी चित्रपटाच्या तिकिटावर ४५ टक्के करमणूक कर होता. तेव्हा 'करमुक्त' या शब्दाची किंमत प्रचंड होती. त्या फाइलसाठी निर्माते मंत्रालयात चपला झिजवायचे. आता राज्याच्या हातात फक्त त्याच्या वाट्याचा जीएसटी उरला आहे, त्यामुळे करमुक्ती हा पैशापेक्षा शाबासकीचा प्रकार झालाय. 'उरी' मुख्यतः सर्बियात चित्रित झाला, तरी २०१९ च्या जानेवारीत त्यातला 'जोश'चा संवाद पंतप्रधानांनी मुंबईत चित्रपट संग्रहालयाच्या उद्घाटनाच्या भाषणात वापरला आणि उत्तर प्रदेशानं तो करमुक्त केला. आणि २०२५ च्या मे महिन्यात 'ऑपरेशन सिंदूर' झाल्यावर काही दिवसांतच त्या नावाची नोंदणी करायला निर्मात्यांची रांग लागली. एकानं तर लगेच पोस्टरही काढलं आणि लोक संतापल्यावर माफी मागितली. इथं सरकारनं काहीच मागितलं नव्हतं. बाजाराला वारा कुठून वाहतो ते आधीच कळतं.

मराठी चित्रपटांचं अनुदान हाही एक धागा आहे. बरीच वर्षं 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख असा हिशेब होता. छोट्या निर्मात्यासाठी ही रक्कम म्हणजे जीवदान. चित्रपट पाहून गुण देणारी समिती असते, आणि गुण मिळतील अशा विषयांकडे हात आपोआप वळतो. मी याला दोष देत नाही. अनुदान नसतं तर विदर्भातल्या ज्या चार-पाच जणांना मी ओळखतो, त्यांनी कॅमेरा कधीच विकला असता.

उलट उदाहरणही देऊन ठेवतो, नाहीतर तुम्ही निराश व्हाल. १९७९ चा 'सिंहासन' हा मुख्यमंत्र्याच्या खुर्चीच्या राजकारणावरचा चित्रपट. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी त्याच्या चित्रीकरणासाठी मंत्रालय उघडून दिलं. ज्या खुर्चीची खिल्ली उडवायची, तिच्याच इमारतीत ट्रॉली लावली. हे होऊ शकतं. परवानगी देणारा माणूस कोण, यावर बरंच अवलंबून असतं, आणि नेमकी तीच गोष्ट तुमच्या हातात नसते.

आता तुमच्या मालिकेचं.

परवानगी मागायची की नाही हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. सहाही भाग असे लिहा जणू सैन्याकडून तुम्हाला काहीच मिळणार नाही. मग लाल पेन घेऊन दर प्रसंगापुढे लिहा: इथं सैन्याची कोणती वस्तू हवी? छावणीची जागा, वाहन, शस्त्र, माणसं? मी तुमच्या गोषवाऱ्यावरून अंदाज केला. हवालदार काटोलकडचा, बायको-मुलगी कामठीत, सासरा शेतकरी. बहुतेक गोष्ट घरात, बाजारात, एसटी स्टँडवर घडते. छावणीच्या आत जाणारे प्रसंग मोजून तीन-चार निघतील. कुटुंब सरकारी क्वार्टरमध्ये असायलाच हवं का? क्वार्टर मिळेपर्यंत पुष्कळ जवान बाहेर भाड्यानं राहतात. कामठीत जुन्या वस्तीत दोन खोल्या आणि अंगण असं घर तुम्हाला दिवसाच्या भाड्यानं मिळेल, आणि तिथं अधिकारी कसा वागला हे बायकोच्या तोंडून ऐकणं मला तरी जास्त टोचेल.

उरलेल्या प्रसंगांसाठी खरी छावणी हवीच असेल तर मात्र रीतसर अर्ज करा, पूर्ण पटकथा द्या. दोन पटकथा करायच्या, एक दाखवायची आणि दुसरी चित्रित करायची, हा 'जुगाड' कुणी सुचवला तर त्या माणसाचं युनिट सोडून द्या. एकदा विश्वास गेला की पुढच्या दहा जणांचे अर्ज पडून राहतात, आणि शिव्या स्थानिक माणसाला, म्हणजे मला, बसतात. हेही ध्यानात घ्या की वेब मालिकेला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागत नाही, ती २०२१ च्या आयटी नियमांखाली येते. पण प्लॅटफॉर्मचा कायदा विभाग २०२० चं ते पत्र समोर ठेवून तुम्हाला ना-हरकत प्रमाणपत्र विचारणारच. २०२४ मध्ये 'आयसी ८१४' या विमान अपहरणावरच्या मालिकेवरून नेटफ्लिक्सच्या अधिकाऱ्यांना मंत्रालयात बोलावलं गेलं, तेव्हापासून हे लोक ताकही फुंकून पितात. म्हणून रेजिमेंट काल्पनिक ठेवा. कामठी म्हटलं की गार्ड्सचं केंद्र सगळ्यांना आठवतं, तेव्हा त्यांचं चिन्ह, त्यांचं नाव चुकूनही नको.

ड्रोन विसरा. सोनेगावचं विमानतळ आणि वायुदलाचा तळ, वायुसेनानगरातलं मेंटेनन्स कमांड, अंबाझरीचा आयुध कारखाना, कामठी छावणी, सीताबर्डीचा किल्ला. नागपूरच्या नकाशावर ही ठिकाणं टाकून बघा, मोकळं आकाश किती उरतं ते कळेल. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा बघायचाच. आमच्या एका पोरानं फक्त 'सूर्यास्त घेतो' म्हणून उडवला होता. संध्याकाळ पोलीस ठाण्यात गेली आणि ड्रोन तीन आठवड्यांनी परत आला. किल्ला आतून पाहायचा असेल तर २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो लोकांसाठी उघडतो. वही घेऊन जा, कॅमेऱ्याचा विचार नको.

गणवेशाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूनं तसा पोशाख घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. अभिनयात तो हेतू नसतो, म्हणून सेटवर अडचण नाही. पण नट गणवेशातच चहा प्यायला चौकात गेला की अडचण सुरू. शॉट संपला की गणवेश पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली एकाच माणसाकडे. २०२२ मध्ये आलेल्या नव्या डिजिटल नक्षीच्या लढाऊ गणवेशाचे हक्क सैन्यानं नोंदवून घेतले आहेत, ते कापड बाहेर शिवणं बेकायदा आहे. तुमची गोष्ट २०१५ च्या आसपास ठेवता आली तर तो प्रश्नच येत नाही.

आणि एक निवृत्त सुभेदार सल्लागार म्हणून घ्या, मानधन देऊन. त्या लघुपटाच्या वेळी आमच्या कपडेपटातल्या मुलीनं हवालदाराच्या तीन फिती हौसेनं दोन्ही बाह्यांवर शिवल्या होत्या. सुभेदारसाहेब आले, नटाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "डावीकडची काढ बेटा. आपल्याकडे फक्त उजवीकडे असते." मग बेरे टोपीला हात लावून बिल्ला डाव्या डोळ्यावर आणला, कड उजवीकडे ओढली, आणि नटाला म्हणाले, "आता हात खिशातून काढ." तो नट त्यानंतर दिवसभर वेगळाच चालत होता. हे काम कोणत्याही परवानगीतून मिळत नाही. हेच सुभेदार तुमचा चुकीचा वागणारा अधिकारीही वाचतील आणि सांगतील की असा माणूस नेमका कसा बोलतो. त्यांना बत्तीस वर्षांत दोन भेटले होते, असं ते मला म्हणाले. बाकीच्यांबद्दल ते तासभर प्रेमानं बोलले, तेही लिहून घ्या, कारण तुमच्या मालिकेत सध्या एकही बरा अधिकारी दिसत नाही.

राहिला परेडचा प्रसंग, मुलगी शाळेत जाताना थांबून पाहते तो. तिथं मैदान दाखवू नका. एक पांढरी भिंत, अलीकडे सायकल धरून उभी मुलगी, आणि पलीकडून बूट, शब्द, बिगूल. बिगूल छावणीजवळ जाऊन रेकॉर्ड करू नका. कामठीत बँडमधून निवृत्त झालेले वादक लग्नाच्या सीझनखेरीज मोकळे असतात, त्यांना धंतोलीच्या एखाद्या स्टुडिओत अर्ध्या दिवसासाठी बोलवा. माझ्या ओळखीचे एक आहेत, नंबर निरोपात मागा. फक्त उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत बोलवा, नंतर ते येत नाहीत.